नोकरी सोडणारे आणि न सोडणारे

जळगावहून अजिंठ्याकडे जाताना सुमारे ४० किलोमीटरवर जामनेर तालुक्यातील पहूर लागते. त्यापुढील वाकोद हे भवरलाल जैन यांचे जन्मगाव. १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलविक्रीपासून सुरुवात करून त्यांनी जळगावात ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग उभारला. तेथे कर्मचाऱ्यांना ‘सहकारी’ म्हणतात. अशा संबोधनाने माणसे टिकतात काय?

निष्ठावान कर्मचारी नोकरी सोडत नाही, ही समजूत सार्वत्रिक आहे. पण जो टिकला तो निष्ठावानच, असे त्यातून सिद्ध होत नाही. मेयर आणि अ‍ॅलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन घटक सांगितले : संस्थेविषयीची आत्मीयता, नोकरी सोडल्यास होणाऱ्या तोट्याची जाणीव आणि राहणे हे कर्तव्य असल्याची भावना. तिन्हींमुळे माणूस थांबतो. मात्र आत्मीयतेने थांबलेला झटून काम करतो; केवळ तोट्याच्या धास्तीने थांबलेल्याकडून तशी अपेक्षा धरता येत नाही. हजेरीपटावर दोघे सारखेच दिसतात, हीच व्यवस्थापनाची अडचण.

हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्यात १९१३ मध्ये कामगार बदलण्याचे वार्षिक प्रमाण ३७० टक्के होते. १९१४ च्या जानेवारीत त्यांनी दिवसाची मजुरी पाच डॉलरपर्यंत, म्हणजे जवळपास दुप्पट वाढवली आणि गळती झपाट्याने घटली. कामातला कंटाळा मात्र तसाच राहिला.

पहूरहून जळगावला रोज येऊन-जाऊन नोकरी करणाऱ्या माणसाची कल्पना करावी. घरी चार एकर कापूस, वृद्ध आई-वडील, मुलांची शाळा गावातच. पुण्यात अधिक पगार मिळत असूनही तो जात नाही. त्याला रोखून धरते ते गाव, कारखाना नव्हे. टेरेन्स मिचेल व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यालाच नोकरीतील ‘रुतलेपण’ म्हटले; समाजातील नातीगोतीही त्यांनी त्यात धरली. मालक याला आपल्यावरील निष्ठा समजतो आणि पगारवाढ लांबणीवर टाकतो, तेव्हा तो मोठीच चूक करीत असतो.

कसोटी लागते ती पडत्या काळात. जळगावच्या याच उद्योगाची कर्जफेड २०१९ मध्ये थकली आणि कर्जाची पुनर्रचना २०२२ मध्ये पूर्ण झाली. कोणत्याही उद्योगावर अशी वेळ आली की ज्यांना बाहेर मागणी असते, असे कुशल लोक सहज जाऊ शकतात. त्यांना थोपवणारी गोष्ट आत्मीयताच. आणि ‘सहकारी’ या शब्दाला तेव्हाच काही किंमत असते, जेव्हा अडचणीची खरी माहिती त्यांना वृत्तपत्रांआधी मिळालेली असते.

राजीनाम्यामागे दीर्घ असंतोषच असतो असेही नाही. ली आणि मिचेल यांनी १९९४ मध्ये दाखवले, की अनेकदा एखादा धक्का पुरतो : अचानक बदली, डावललेली बढती, मित्राने सुचवलेली जागा. पहूरच्या त्या माणसाच्या हाती दूरच्या शहरातील बदलीचा आदेश पडला, तर त्याला गावाशी बांधणारे सारे धागे त्याच क्षणी कारखान्याच्या विरोधात जातात.