जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाची नाडीपरीक्षा

व्याख्यानमालेत मोटारसायकलचे इंजिन कशाला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यांना आमचे उत्तर इतकेच की, जुनी टू-स्ट्रोक गाडी घेऊन ती मातीत पळवण्याचा नाद तरुण मुलांना लागतो, आणि भर वेगात पिस्टन सिलिंडरमध्ये रुतून बसला की मागचे चाक तिथल्या तिथे जखडते. मग स्वार फेकला जातो. तेव्हा हा प्रश्न केवळ खिशाचा नाही.

पिस्टन रुतला की बहुधा काय होते? मिस्त्री सिलिंडर बोअर करून आणतो, नवा पिस्टन बसवतो, गाडी महिनाभर छान चालते आणि पुन्हा रुतते. मग खापर फुटते पिस्टनच्या नाहीतर तेलाच्या माथी. आमचे म्हणणे असे की, पहिला पिस्टन का रुतला हे कळल्यावाचून दुसरा बसवूच नये.

यासाठी इंजिनाची रचना थोडी पाहिली पाहिजे. जोसेफ डे या इंग्रज यंत्रज्ञाने 1891 साली ज्या प्रकारच्या इंजिनाचे पेटंट घेतले, त्यात क्रँक ज्या पेटीत फिरतो ती पेटीच पंपाचे काम करते. पिस्टन वर चढला की पेटीत ओढ निर्माण होते आणि हवा व पेट्रोल आत येते. पिस्टन उतरला की तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते. क्रँकच्या बेअरिंगांना वंगण मिळते तेही या मिश्रणातल्या तेलाचेच. आता या पेटीला कोठे केसाएवढी फट पडली, तर कार्ब्युरेटरला वळसा घालून फुकटची हवा आत शिरते. पेट्रोलचा वाटा घटतो, मिस्त्री ज्याला ‘लीन’ म्हणतात ते मिश्रण तयार होते, आणि इंजिन तापते. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो. मग रुतण्याला वेळ लागत नाही.

ही फट डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिन सांगत असते. मूठ सोडली तरी ते घोंघावत राहते, लवकर शांत होत नाही. प्लग काढून पाहावा: तो तपकिरी असेल तर ठीक, पांढुरका असेल तर सावध व्हावे. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. मॅग्नेटोकडचा सील गेला तर हवा शिरते. क्लचकडचा गेला तर गिअरचे तेल ओढले जाते, धुराचे लोट निघतात आणि गिअरचे तेल गळती न दिसता कमी होत जाते.

खात्री करण्याची रीत स्वस्त आहे, आणि तिचा कंटाळा का करतात हे आम्हाला कोडेच आहे. कार्ब्युरेटर व सायलेन्सर उतरवून त्यांची तोंडे रबरी बुचांनी बंद करावीत, प्लग जागेवर ठेवावा, पिस्टन अगदी खाली आणावा. सायलेन्सरकडच्या बुचातून नळी घालून सायकलच्या पंपाने हलकेच 5-6 पौंड दाब भरावा. त्याहून अधिक नको, सील उचलले जातात. काटा पाच-सहा मिनिटे जवळजवळ जागचा हलता कामा नये. हललाच तर सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. बुडबुडे जागा दाखवतात.

निघालेला पिस्टन फेकू नये, तो वाचावा. सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील तर वंगण तुटले किंवा मिश्रण लीन झाले. कार्ब्युरेटरच्या बाजूला तो मळकट, घासलेला दिसला तर फिल्टरमधून धूळ गेली. मातीत चालणाऱ्या गाडीत ही नित्याची गोष्ट. माथ्याला भोक असेल तर ठिणगीची वेळ तपासावी.

1985 ते 1996 या काळात आपल्याकडे तयार झालेल्या यामाहा आरएक्स 100 चे उदाहरण घ्या. तिच्यात तेलाची टाकी वेगळी आणि तेल सोडणारा पंपही वेगळा. जुन्या गाड्यांत हा पंप काढून टाकलेला सापडतो, आणि नवा मालक पेट्रोल टाकीत कोरडे पेट्रोल भरतो! गाडी घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा. पंप नसेल तर एका लिटरला सुमारे 30 मिलिलिटर टू-स्ट्रोकचे तेल मिसळावे. भीतीपोटी दुप्पट तेल घालणारेही आहेत. पण त्याच जेटमधून तेल जास्त गेले की पेट्रोल तितके कमी जाते, हे ते विसरतात.

कारण दूर झाले की मगच जुळणी. कनेक्टिंग रॉड आडवा थोडा हलला तर चालेल, उभा हलता कामा नये. नव्या बोअरमध्ये पोर्टच्या कडा घासून बोथट कराव्यात, नाहीतर रिंग अडकून तुटते. 50 मिलिमीटरच्या बोअरला रिंगच्या टोकांत साधारण 0.2 मिलिमीटर फट हवी आणि ती टोके खाचेतल्या खिळीशीच यावीत. पिनेच्या जुन्या सर्क्लिप पुन्हा वापरू नयेत. चार पैशांची क्लिप सुटली तर सिलिंडर चिरते. अलीकडच्या परदेशी डर्ट बाइकच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. तो सहसा बोअर करत नाहीत, मुलामाच पुन्हा चढवून घ्यावा लागतो.

पहिल्या दिवशी इंजिन दहा मिनिटे चालवून पूर्ण निवू द्यावे, असे तीनदा करावे, आणि मगच गाडी मातीत न्यावी.