कारखाना, कचरा आणि कायदा (लेखांक ५) : संमतीपत्र आणि ग्वाल्हेरची हवा

ग्वाल्हेरहून भिंडच्या रस्त्याला लागले की साधारण वीस किलोमीटरवर मालनपूर येते. आग्र्याच्या रस्त्याने गेले तर जवळपास तेवढ्याच अंतरावर बानमोर. टायर, खाद्यपदार्थ, रसायने, विजेची उपकरणे असे नाना प्रकारचे कारखाने या दोन वसाहतींत आहेत. पण मालनपूर आहे भिंड जिल्ह्यात आणि बानमोर मुरैना जिल्ह्यात. एके काळी चित्र वेगळे होते. १९२१ साली सुरू झालेली जियाजीराव कॉटन मिल शहरातच, बिर्लानगरात होती. ती १९९२ साली बंद पडली आणि उद्योगाचे केंद्र शहराबाहेर सरकत गेले. आज ग्वाल्हेरकर ज्यांना ‘आपले’ कारखाने म्हणतात, त्यांतले पुष्कळसे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहेत आणि जिल्ह्याच्याही बाहेर.

धूर आणि सांडपाणी मात्र जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाहीत. हा सगळा पट्टा ज्या यंत्रणेच्या अखत्यारीत येतो, ती म्हणजे मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ. मुख्यालय भोपाळला, प्रादेशिक कार्यालय ग्वाल्हेरला. मागच्या लेखांकात आपण या मंडळाला अधिकार देणारे तीन कायदे पाहिले : पाण्यासाठी १९७४चा, हवेसाठी १९८१चा आणि भोपाळच्या वायुकांडानंतर आलेला १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा. आज हे अधिकार प्रत्यक्षात कसे वापरले जातात आणि कुठे अपुरे पडतात, ते ग्वाल्हेरच्या निमित्ताने पाहू.

संमती : अटींचा दस्तऐवज

कारखाना काढायचा तर साधारणपणे मंडळाकडे दोनदा जावे लागते. बांधकामाआधी स्थापनेची संमती घ्यायची आणि यंत्रे सुरू करण्याआधी संचालनाची. कोणाची किती कसून तपासणी व्हायची, हे उद्योगाच्या रंगावरून ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ साली प्रत्येक प्रकारच्या उद्योगाला त्याच्या प्रदूषणक्षमतेनुसार शंभरपैकी गुण देऊन लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे चार गट केले. २०२५ साली ही पद्धत सुधारली गेली आणि कचरा किंवा सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्यांसारख्या अत्यावश्यक पर्यावरणसेवांसाठी निळा गट आला.

संमतीपत्र हा केवळ परवाना नव्हे. रोज किती पाणी वापरायचे, किती सांडपाणी बाहेर पडेल, ते कोणत्या प्रक्रियेनंतर कुठे सोडायचे, धुराडे किती उंच हवे, घातक कचरा कोणत्या प्रकारचा आणि वर्षाला किती निघेल, हे सगळे त्यात आकड्यांनिशी लिहिलेले असते. धुराड्याची उंचीसुद्धा अंदाजाने ठरत नाही. बॉयलरमधून तासाला किती सल्फर डायऑक्साइड बाहेर पडेल, यावरून ती सूत्राने काढतात.

मंडळाची खरी ताकद या आकड्यांत आहे. अट जितकी नेमकी, तितका तिचा भंग सिद्ध करणे सोपे. ‘प्रदूषण होऊ देऊ नये’ अशी मोघम अट न्यायालयात टिकत नाही. ‘सांडपाण्यात प्रतिलिटर ३० मिलिग्रॅमहून जास्त बीओडी नको’ ही अट टिकते.

बाटली, सील आणि सही

बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खातात, त्याचे माप. नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून ते काढतात. हे तीन दिवस टाळता येत नाहीत. म्हणून नदीला येऊन मिळणारा नाला आज काळा दिसला, तरी मंडळाच्या हातात पुरावा यायला काही दिवस जावेच लागतात.

हा पुरावा गोळा करण्याची रीत कायद्याने बारकाईने बांधून दिली आहे. जल कायद्याच्या कलम २१ नुसार अधिकाऱ्याने नमुना घेताना कारखान्याच्या जबाबदार माणसाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची. त्याने मागणी केली, तर त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सीलबंद करायच्या आणि त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेत जाते, दुसरी राज्याने त्यासाठी ठरवलेल्या प्रयोगशाळेत. यातली एखादी पायरी चुकली की प्रयोगशाळेचा अहवाल कितीही बरोबर असला, तरी खटल्यात तो पांगळा ठरू शकतो. दूषित पाणी सोडणारा कारखाना सुटून गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा मंडळ सामील असेल असा संशय पटकन येतो. कधी तो खराही असेल. पण अनेकदा कारण इतके साधे असते की नमुना घेणारा माणूस घाईत होता. त्याच्या वाट्याला एका जिल्ह्याऐवजी अनेक जिल्हे आलेले होते. देशभरातल्या राज्य मंडळांतली जवळजवळ निम्मी पदे रिक्त असल्याची माहिती राष्ट्रीय हरित लवादापुढे आलेली आहे. सहीशिक्क्याची ही शिस्त पुरेशा माणसांशिवाय पाळली जात नाही.

म्हणूनच २०१४ पासून अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर आणि सांडपाण्याच्या तोंडाशी सतत मोजणी करणारी यंत्रे बसवणे भाग पडले. त्यांची आकडेवारी थेट मंडळाच्या संगणकावर जाते. यंत्रामुळे नजर अखंड राहते. पण यंत्र प्रमाणित आहे का आणि त्याची नळी योग्य जागी आहे का, हे पाहायला शेवटी माणूसच जावा लागतो.

सात रंगांची कागदपत्रे आणि पिथमपूर

सांडपाणी शुद्ध केले म्हणजे घाण नाहीशी होत नाही. ती गाळ होऊन खाली बसते. रंगाचे अवशेष, वापरलेले तेल, रसायनांची रिकामी पिंपे आणि हा गाळ, या सगळ्याला २०१६चे घातक कचरा नियम लागू होतात. असा कचरा कारखान्याला आवारात साधारणपणे ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो. तो हलवताना सात प्रतींचे वाहतूकपत्र भरावे लागते आणि प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा असतो. पांढरी प्रत पाठवणारा मंडळाला देतो, पिवळी स्वतःकडे ठेवतो. गुलाबी प्रत कचरा स्वीकारणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराकडे. हिरवी स्वीकारणाऱ्याकडून मंडळाकडे जाते आणि निळी परत मूळ कारखान्याकडे. कचरा परराज्यातून आला असेल, तर करडी प्रत त्या राज्याच्या मंडळाला जाते.

या व्यवस्थेचा हेतू सरळ आहे. मालनपूरहून निघालेले पिंप वाटेत एखाद्या ओढ्यात रिते झाले, तर हिरवी आणि निळी प्रत परत येणार नाही आणि खोट उघडी पडेल. अर्थात त्यासाठी कार्यालयात बसून पांढरी आणि हिरवी प्रत ताडून पाहणारे कोणीतरी असायला हवे.

राज्यातल्या घातक कचऱ्याचे सामाईक प्रक्रिया आणि विल्हेवाट केंद्र धार जिल्ह्यात पिथमपूरला आहे. ग्वाल्हेरपासून ते पाचशे किलोमीटरच्या आसपास. भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये याच केंद्रात नेला गेला. पिथमपूरच्या रहिवाशांनी त्याला जोरदार विरोध केला. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या आणि जून २०२५च्या अखेरीस तो जाळून संपला. १९८४च्या दुर्घटनेचा कचरा हलायला चाळीस वर्षे लागली. आवारात साठलेल्या कचऱ्याला आज ९० दिवसांची मर्यादा इतक्या कडकपणे का घातली आहे, हे त्यावरून समजावे.

अट मोडली तर

पहिली पायरी कारणे दाखवा नोटिशीची. पुढे सुधारणेचे निर्देश येतात, बँक हमी घेतली जाते. त्यानेही भागले नाही, तर जल कायद्याचे कलम ३३-अ आणि हवा कायद्याचे कलम ३१-अ वापरून मंडळ कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते.

यांच्या मधली पायरी म्हणजे पर्यावरणीय भरपाई. केंद्रीय मंडळाने तिचे सूत्र ठरवले आहे. उद्योगाच्या गटाचा सरासरी गुणांक लाल गटासाठी ८०, नारिंगीसाठी ५० आणि हिरव्यासाठी ३० धरला जातो. त्याला उल्लंघनाच्या दिवसांनी, २५० रुपयांच्या दराने, उद्योगाच्या आकाराने आणि जवळच्या लोकवस्तीच्या गुणांकाने गुणायचे. ग्वाल्हेर हे दहा लाखांवर वस्तीचे शहर असल्याने त्याच्या हद्दीत किंवा हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत वस्तीचा गुणांक १.२५ होतो. म्हणजे तिथल्या लाल गटातल्या मोठ्या कारखान्याला दिवसाला ३७,५०० रुपये पडतील. महिनाभर शुद्धीकरण केंद्र बंद ठेवून वीज आणि रसायनांचा खर्च वाचवणाऱ्याला ही रक्कम बोचेल की नाही, हा त्या कारखान्याच्या आकाराचा प्रश्न आहे. अशी भरपाई बसवण्याचा अधिकार मंडळांना आहे का, हा वाद बरीच वर्षे चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला, पण तो नियमांत बसवलेल्या कार्यपद्धतीनेच वापरावा, असेही सांगितले.

संमतीपत्राच्या पलीकडची धूळ

आता ग्वाल्हेरच्या सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या शहरांची हवेची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा पीएम २.५ या सूक्ष्म कणांच्या यादीत इराणच्या झाबोलखालोखाल ग्वाल्हेरचे नाव होते. वार्षिक सरासरी होती घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. भारताचे स्वतःचे मानक ४० आहे. २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मानक न पाळू शकलेल्या शहरांत ग्वाल्हेर होतेच.

हे कण कुठून येतात? काही भाग कारखान्यांचा आहेच. शहराजवळच्या बिलौआत काळ्या दगडाच्या खाणी आणि खडी क्रशर आहेत. क्रशरसाठीचे मानक सांगते की यंत्रापासून तीन ते दहा मीटरवर धुळीचे प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. यंत्रे झाकावीत, पाण्याचे फवारे मारावेत, वाऱ्याच्या दिशेला भिंत बांधावी, आवारातले रस्ते पक्के करून ओले ठेवावेत, कडेने झाडे लावावीत. यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसते. फवारा चालू आहे की बंद, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही.

पण उखडलेल्या रस्त्यांवरची धूळ, हिरवे कापड न लावता चाललेली बांधकामे, जुनी वाहने, कोपऱ्याकोपऱ्यावर जळणारा कचरा, चुली आणि शेकोट्या यांनी मंडळापुढे कोणत्याही संमतीपत्रावर सही केलेली नाही. उन्हाळ्यात राजस्थानकडून येणारे कोरडे वारे आणखी धूळ आणतात. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि हे सगळे तिच्यात साठून राहते. महाराज बाडा, फूलबाग, सिटी सेंटर आणि दीनदयाल नगर इथली केंद्रे ही हवा मोजतात. मोजलेला आकडा खाली आणण्याचे काम मात्र महानगरपालिका, वाहतूक खाते, बांधकाम खाते आणि मंडळ यांच्यात वाटले गेले आहे, आणि वाटलेले काम कोणाचेच होत नाही. माझे ठाम मत आहे की मोठी बांधकामे आणि रस्त्यांची कामे यांनाही कारखान्यासारख्याच नेमक्या, मोजता येणाऱ्या अटी घातल्याशिवाय ग्वाल्हेरची हवा सुधारणार नाही. ज्याच्यावर अट आहे, त्यालाच जाब विचारता येतो.

पालिकाही मंडळाच्या कक्षेबाहेर नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला मंडळाची संमती लागते. गावातून वाहणारी स्वर्णरेखा नदी नाल्यासारखी झाली, ती प्रामुख्याने घरोघरच्या सांडपाण्यामुळे. शिवाय १९७४च्या कायद्यानुसार मंडळात स्थानिक स्वराज्य संस्थांचे पाचपर्यंत सदस्य असतात. त्यांच्यातल्याच एखाद्या संस्थेवर कारवाई करणे मंडळाला जड जाते, हे उघड आहे.

नोंदवही सर्वांसाठी खुली

म्हणून हे काम मंडळावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. जल कायद्याच्या कलम २५ नुसार मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते आणि त्या सांडपाण्याशी संबंध असलेल्या किंवा त्याची झळ बसणाऱ्या कोणालाही ती पाहण्याचा हक्क आहे. हा हक्क माहितीच्या अधिकाराच्या कितीतरी आधी, १९७४ सालीच दिलेला आहे. कलम ४९ ने साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणसालाही न्यायालयात तक्रार करण्याची वाट मोकळी केली. राष्ट्रीय हरित लवादाचे मध्य विभागाचे पीठ भोपाळलाच आहे.

मालनपूरजवळच्या एखाद्या गावातल्या विहिरीचे पाणी बदलले, तर ‘कारखाना घाण करतो’ या तक्रारीने फार काही हलत नाही. त्याच गावाने कारखान्याचे संमतीपत्र मिळवले, त्यातली सांडपाण्याची अट वाचली, तारखेनिशी छायाचित्रे काढली आणि अटीचा क्रमांक देऊन लेखी तक्रार केली, तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते. कर्मचारी कमी असलेल्या मंडळाला अशी तक्रार मदतीचीच ठरते, कारण कुठे जायचे आणि काय तपासायचे हे तिने आधीच सांगितलेले असते. लष्कर, मुरार किंवा जुने ग्वाल्हेर, कुठेही राहत असा, आपल्या जवळच्या एका उद्योगाचे संमतीपत्र मिळवून वाचा. ते जितके लोक वाचतील, तितक्या त्यातल्या अटी पाळल्या जातील.

पुढच्या आठवड्यात : रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा. पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या पिशव्या-डब्यांत काय जाते आणि तिथून पुढे त्याचे काय होते?