रस्त्याकडेचा माणूस

28 सप्टेंबर 2025, रविवार. त्या रात्री दुबईत भारत-पाकिस्तान आशिया चषकाचा अंतिम सामना होता आणि आमचं कर्जत सकाळपासूनच त्याच्या तयारीत होतं. मी मात्र दुपारपासून दुकानामागच्या खोलीत मोबाईलवर रवांडातली सायकल शर्यत बघत बसलो होतो. रस्त्यावरच्या सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षी किगालीत, म्हणजे आफ्रिका खंडात पहिल्यांदाच भरली होती. संध्याकाळी चहाला आलेले माझे एक मित्र शेजारी टेकले. त्यांचं दूध संकलन केंद्र आहे आणि बोलणं तोडून टाकणारं. पडद्यावर एकच गडी चढ चढत होता. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही.

"ह्यो एकटाच पळतोय व्हय? बाकीचे कुठं गेले?"

"मागं राहिले. शंभर किलोमीटर राहिले होते तेव्हाच निघाला हा."

मित्रांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मग काहीतरी घेत असणार."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहे. ते वाक्य केवळ आमच्या मित्रांचं नाही. या खेळावर जीव टाकणाऱ्या युरोपातल्या प्रेक्षकांच्या मनातही ते पन्नास-साठ वर्षं घर करून आहे. ते का, हे कळायचं तर आधी रस्त्याकडेचा माणूस नक्की काय बघतो, हे समजून घ्यावं लागतं.

सायकल शर्यतीला तिकीट नसतं. मैदान म्हणजे रस्ता आणि रस्ता सगळ्यांचा. माणूस सकाळी डबा घेऊन येतो, तीन-चार तास बसतो, आणि घोळका येतो तेव्हा तो काही सेकंदांत निघून जातो. हिशोब सोपा आहे. ताशी 45 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. दीडशे मीटर लांबीचा घोळका आपल्यासमोरून जायला बारा सेकंद पुरतात. घोळका बनतो तो वाऱ्यामुळे. पुढच्याच्या पाठीला चिकटून चालवणाऱ्याची ताकद सपाट रस्त्यावर साधारण तीस टक्के वाचते. म्हणून सगळे एकमेकांच्या आडोशाला राहतात आणि पुढे कोण राहणार यावरून शर्यतभर न बोललेली भांडणं चालतात. चढाला वेग कमी होतो, वाऱ्याचा आडोसा उपयोगाचा राहत नाही आणि ज्याचं त्याला ओढावं लागतं. गर्दी चढावर का जमते, त्याचं उत्तर यात आहे. तिथे चेहरा दिसतो. दम लागलेला ऐकू येतो.

जागतिक स्पर्धेत याला आणखी एक सोय केलेली असते. ती गावोगाव जात नाही, बहुधा एकाच वळशावर पुन्हापुन्हा फिरते. किगालीत पुरुषांना 267.5 किलोमीटर जायचं होतं. सुमारे पंधरा किलोमीटरच्या वळशाच्या नऊ फेऱ्या, मग माउंट किगालीकडची एक मोठी फेरी, पुन्हा सहा फेऱ्या. सगळ्या चढांची बेरीज साडेपाच हजार मीटरच्या घरात. एका जागी उभ्या राहिलेल्या माणसाला तोच खेळाडू पंधरा वेळा दिसतो आणि प्रत्येक वेळी थोडा अधिक थकलेला. आमच्याकडे गोदड महाराजांचा रथ बघायला माणसं एक जागा धरून उभी राहतात. तो रथ पंधरा वेळा समोरून गेला असता तर काय झालं असतं, अशी कल्पना करावी. त्या दिवशी शर्यत पुरी करणारे तीसच निघाले.

किगालीची गर्दी मी आजवर पाहिलेल्या सायकल शर्यतींच्या गर्दीपेक्षा वेगळी होती. शहर शर्यतीसाठी बंद, शाळांना सुट्ट्या, आणि लोक दरडींवर, भिंतींवर, झाडांवर. शेवटून येणाऱ्यालाही तोच जल्लोष. याचं एक कारण मला असं वाटतं की रवांडात सायकल हे आधी कामाचं जनावर आहे. केळीचे घड, दुधाचे कॅन, लाकूडफाटा आणि मागच्या कॅरिअरवर भाड्याचा माणूस, हे सगळं डोंगराळ रस्त्यावर सायकलीनेच जातं. तो चढ रोज चढणाऱ्याला दुसऱ्याच्या चढाची किंमत कळते. राशीन-मिरजगावकडून कॅन लटकवून येणारे गवळी ज्यांनी 1980च्या सुमारास बघितलेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता तो एकटा गडी. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार. आदल्या वर्षी झुरिकमध्येही त्याने असंच, सुमारे शंभर किलोमीटर बाकी असताना अंगावर घेतलं होतं आणि जिंकलं होतं. किगालीत तो निघाला तेव्हा सोबत दोघे लागले, स्पेनचा हुआन आयुसो आणि मेक्सिकोचा इसाक देल तोरो. गंमत अशी की त्या वर्षी हे तिघे एकाच व्यावसायिक संघात पगार घेत होते. जागतिक स्पर्धेपुरते मात्र खेळाडू आपापल्या देशाकडून उतरतात. आठवड्यापूर्वी ज्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणल्या, त्यालाच आज हरवायचं. आयुसो आधी सुटला, मग देल तोरो. दुसरा आलेला बेल्जियमचा रेम्को एव्हेनेपूल 1 मिनिट 28 सेकंदांनी मागे होता. याच रेम्कोने आठवड्यापूर्वी एकेकट्याच्या वेळ-शर्यतीत पोगाचारला, तो अडीच मिनिटं आधी सुटलेला असताना, वाटेत गाठून मागे टाकलं होतं.

देश मोठा की रोजचा संघ, या प्रश्नाने प्रेक्षकांची डोकी फार पूर्वीपासून फिरवली आहेत. व्यावसायिकांची पहिली स्पर्धा 1927 साली जर्मनीत न्युरबुर्गरिंगला झाली, इटलीचा आल्फ्रेदो बिंदा जिंकला. बायकांना तीस वर्षं थांबावं लागलं, 1958पर्यंत. पण प्रेक्षकांच्या रागाचा इतिहास लिहायचा तर बेल्जियममधल्या रोन्स या लहानशा गावापासून सुरुवात करावी लागेल. 1963 साली तिथे सगळा बेल्जियन संघ रिक व्हान लोय या त्यांच्या सम्राटासाठी राबायचं ठरवून उतरला होता. शेवटच्या झेपेत त्याचाच तरुण साथीदार बेनोनी बेहेट पुढे आला आणि थोडक्यात जिंकला. दोघे एकाच देशाचे. पदक घरातच राहिलं, तरी घर फुटलं. बेहेटचा हात सम्राटाला लागला तो ढकलण्यासाठी की स्वतःला सावरण्यासाठी, यावर नंतर वर्षानुवर्षं वाद झाले. 25 वर्षांनी, 1988 साली, त्याच रोन्समध्ये कॅनडाचा स्टीव्ह बाउर आणि गावकऱ्यांचा लाडका क्लोद क्रिकेलिओन शेवटच्या चढावर एकमेकांना भिडले, क्रिकेलिओन पडला आणि मागून आलेला इटलीचा मौरित्सिओ फोंद्रिएस्त जगज्जेता झाला. पडलेला माणूस सायकल हातात धरून चालत रेषेपाशी आला. बाउर बाद झाला, तरी प्रकरण मिटलं नाही. क्रिकेलिओन न्यायालयात गेला, खटला वर्षानुवर्षं चालला आणि तो हरला. रोन्सला या दोन शर्यतींनी जेवढं नाव मिळालं, तेवढं दुसऱ्या कशाने क्वचितच मिळालं असेल.

आपल्याला हा राग अनोळखी नाही. पुणे-नगरकडच्या बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला 'घाट' म्हणतात आणि दिवसातल्या सगळ्यांत वेगवान गाड्याला 'घाटाचा राजा'. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्यालाही घाटाचा राजाच म्हणत आले आहेत. एका ठिकाणी घाट म्हणजे बैलांची धाव, दुसरीकडे सह्याद्रीचा चढ, पण किताब एकच. बैलगाड्याच्या घाटात निशाण आधी पडलं की नंतर, यावरून उठलेली भांडणं मी पाहिली आहेत. रोन्सची हकीकत वाचताना मला परकं काही वाटलं नाही.

तरीही संशय हा रागाहून वेगळा. त्याची मुळं शोधताना मला माझ्या लहानपणात जावं लागतं.

मी अकरा वर्षांचा असताना कर्जतला एक सायकलवाला आला. सात दिवस, सात रात्री सायकलवरून उतरणार नाही, असा त्याचा पुकारा. मैदानात बांबू रोवलेले, ट्यूबलाइटा, कर्ण्यावर गाणी. तो सायकलीवर बसूनच अंघोळ करायचा, जेवायचा, लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचायचे. या खेळानेच मला सायकलीचं वेड लावलं. तासाने भाड्याची सायकल घेऊन मी त्याच्यासारख्या फेऱ्या मारायचो. पाचव्या दिवशी पहाटे वडिलांबरोबर रानात जाताना मी वाट वाकडी करून मैदानात डोकावलो. सायकल फिरत होती. तिच्यावर त्याचा तो नोटांचा शर्ट होता, पण शर्टात दुसराच माणूस. आमचा हिरो कनातीच्या आडोशाला पोत्यावर झोपला होता, तोंड उघडं टाकून. पाय सुजलेले.

मी वडिलांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "कुणाला बोलू नको." सातव्या दिवशी सरपंचांच्या हस्ते हार घातला गेला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खऱ्या होत्या की खोट्या, हे मला आजही धड सांगता येणार नाही. पाच दिवस तर तो चालवतच होता. ते सुजलेले पाय नकली नव्हते.

युरोपातल्या रस्त्याकडेच्या माणसाचं असंच काहीसं झालं आहे. लान्स आर्मस्ट्राँगचे ऑगस्ट 1998पासूनचे सगळे विजय 2012 साली काढून घेतले गेले. 1993 साली ऑस्लोत मिळवलेलं जागतिक अजिंक्यपद मात्र त्याच्याच नावावर आहे, कारण ती तारीख त्या मुदतीच्या आधीची. म्हणजे एकाच माणसासाठी वाजवलेल्या काही टाळ्या रद्द, काही वैध. असं पोळल्यावर प्रेक्षक नव्या अचाट पराक्रमाकडे अर्ध्या मनाने बघतो. पोगाचारविरुद्ध तसला कोणताही पुरावा पुढे आलेला नाही, हे मी मित्रांना सांगितलं. पुराव्याशिवाय माणसाला चोर म्हणणं मला मान्य नाही. पण शंका येणाऱ्यालाही मी मूर्ख म्हणणार नाही. ती त्याने आधीच्या फसवणुकीतून कमावलेली आहे.

दुसरी तक्रार कंटाळ्याची. शंभर किलोमीटर आधीच निकाल लागला तर बघायचं काय? त्यांनी आदल्या दिवशीची महिलांची शर्यत बघायला हवी होती. मातब्बर बायका एकमेकींवर नजर ठेवून राहिल्या, 'तू ओढ, मी का ओढू' असं चाललं, आणि तेवढ्यात कॅनडाची माग्दलेन व्हालिएर, जिचं नाव फारसं कोणी घेत नव्हतं, शेवटच्या चढावर निघून गेली. मातब्बरांच्या अशा ताणाताणीत तिसऱ्याचा फायदा होताना आपण सोसायटीच्या निवडणुकीतही बघतो.

मित्रांना हे पटलं की नाही कोण जाणे. त्यांचं लक्ष एव्हाना नाणेफेकीकडे लागलं होतं. पण जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात 437 किलोमीटरची, टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि 22 तारखेचा टप्पा पुरंदरहून बारामतीला येणार असं कळलं, तेव्हा गाडी त्यांनीच काढली. राशीन, खेड, भिगवण करत आम्ही बारामतीच्या अलीकडे एका फाट्यावर जाऊन उभे राहिलो. शाळेची मुलं झेंडे घेऊन ओळीने उभी. पोलिसांनी दोरी धरलेली. एका म्हातारीने आम्हाला विचारलं, "कोण मंत्री येणार हाय?" सायकली येणार म्हटल्यावर ती तांब्या मांडीशी घेऊन धोंड्यावर टेकली.

आधी मोटारसायकली आल्या, मग गाड्या, आणि मग तो घोळका. एवढी माणसं आणि आवाज फक्त साखळ्यांचा, पाऊस पत्र्यावरून सरकत गेल्यासारखा. मुलांनी झेंडे हलवायला सुरुवात केली तोवर तो गेलासुद्धा. मी मनात मोजत होतो, चौदा सेकंद.

"झालं? येवढंच?" म्हातारी म्हणाली.

लोक पांगू लागले. दोरी सुटणार तेवढ्यात लांबून एक एकटा येताना दिसला. कोपर सोललेलं, बनियन एका बाजूला फाटलेलं, मागून मागे पडलेल्यांना गोळा करणारी गाडी. कुठल्या देशाचा, कळलं नाही. सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या आमच्या मित्रांनी, आणि मग पोरांनी जो गलका केला तो घोळक्याच्या वाट्यालाही आला नव्हता. त्याने मान वर केली, हँडलवरची दोन बोटं उचलली आणि वळणाआड गेला.

म्हातारी तांब्या धरून अजून रस्त्याच्या कडेलाच उभी होती. "त्याला पाणी तरी द्यायचं होतं रे," ती म्हणाली.