टक्... टक्... टक्... आणि आपली धकधक!

शुक्रवारची रात्र. स्टोरीची डेडलाइन सकाळी दहाची. एका हातात चहाचा मग, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि पायात नेमकी ती केबल अडकली. टेबलावरची एक्स्टर्नल हार्ड डिस्क थेट फरशीवर! उंची किती, तर जेमतेम अडीच फूट. उचलली, पुसली, देवाचं नाव घेऊन पुन्हा जोडली. आतून आवाज आला... टक्... टक्... टक्. स्क्रीनवर मात्र काहीच नाही.

त्या डिस्कमध्ये सहा वर्षांच्या मुलाखती होत्या. त्याचं एक वेळ सोडा. पण २०१९ मध्ये आजीला समोर बसवून मी ४६ मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. नारायण पेठेतलं तिचं माहेर, वाड्यात शिरलेलं पाणी, वाहून गेलेले फोटो, सगळं तिच्या आवाजात. २०२१ मध्ये आजी गेली. बॅकअप? 'करू या की एकदा निवांत' या यादीत होता. आता बोला!

मग मी तेच केलं जे तुम्हीही केलं असतं. केबल बदलली, पोर्ट बदललं, रूममेटच्या लॅपटॉपला लावून पाहिली. सहा वेळा चालू केली. (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे याच्यावरून मी बोलणी खाल्ली आहेत.) रूममेटचा फंडा तर भन्नाट होता. म्हणे डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव. फ्रीझरमध्ये मटारशेजारी आजीचा आवाज! नशीब, जागा नव्हती.

आत नेमकं होतं काय?

हार्ड डिस्कच्या पोटात आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. माझ्यासारख्या छोट्या पोर्टेबल डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारतात. तबकडीवरचा मजकूर वाचणारं हेड तिला टेकलेलं नसतं, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. अंतर फक्त काही नॅनोमीटर. आपल्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट! डिस्क बंद असताना पडली तर हेड बाजूला पार्क झालेलं असतं, वाचण्याची आशा बरीच. चालू असताना पडली की हेड तबकडीवर आपटतं. मग ते आपली जागा शोधायला जातं, सापडत नाही, मागे येतं, पुन्हा जातं. तोच तो टक् टक् आवाज. आणि मोडकं हेड असं फिरत राहिलं की तबकडीवर ओरखडे पडतात. ओरखडा पडला तिथला डेटा कायमचा गेला, जगातला कुठलाही इंजिनीअर तो परत आणत नाही.

म्हणजे माझे ते सहा प्रयत्न... जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या कॉम्प्युटरवाल्या दादाकडे गेले. त्याने डिस्क कानाला लावली, मान हलवली आणि सरळ स्क्रू-ड्रायव्हर काढला. "उघडून बघू ना मॅडम, दोन मिनिटांचं काम." मी जवळजवळ ओढूनच घेतली. कारण साध्या खोलीतल्या हवेतला धुळीचा कणसुद्धा त्या नॅनोमीटरवाल्या फटीपुढे डोंगर असतो. हे काम क्लीन रूममध्येच करतात, हवा गाळून घेतलेल्या जागेत. दादाचा हेतू वाईट नव्हता हो. एकेकाळी बिघाड फक्त खालच्या हिरव्या सर्किट बोर्डात असेल, तर त्याच मॉडेलचं बोर्ड लावून डिस्क चालू व्हायची. आता प्रत्येक डिस्कची स्वतःची खास सेटिंग्ज बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. ती हलवल्याशिवाय बोर्ड बदलून सहसा काही होत नाही.

रिपेअर नव्हे, रेस्क्यू

शेवटी डिस्क मुंबईतल्या एका डेटा रिकव्हरी लॅबला पाठवली. तिथल्या मॅडमनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "पडल्यावर किती वेळा चालू केलीत?" मी म्हटलं, सहा. पलीकडे शांतता. मग मिळाली ती बोलणी!

त्यांनी जे सांगितलं त्याने माझा एक मोठा गैरसमज दूर झाला. मला वाटत होतं, डिस्क दुरुस्त होऊन परत येईल. छे! तुटलेली हार्ड डिस्क पुन्हा वापरण्याजोगी कुणी करत नाही. त्याच मॉडेलची, जुळणारी दुसरी डिस्क शोधतात, तिला म्हणायचं डोनर. तिची हेड्स काढून आपल्या डिस्कमध्ये बसवतात. ती किती वेळ टिकतील याचा भरवसा नाही, म्हणून तेवढ्यात जमेल तितका मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतात. मग आपली डिस्क आणि बिचारी डोनर, दोन्ही भंगारात.

आणि वॉरंटी? ती असते डब्याची, आतल्या डेटाची नव्हे. कंपनी नवीन डिस्क देईल, जुनी स्वतःकडे ठेवून घेईल. आतलं सगळं हवं असेल तर आधी रिकव्हरी, मग वॉरंटीचा विचार.

फायली फक्त चुकून डिलीट झाल्या असतील आणि डिस्क निमूट, बिनआवाज चालत असेल, तर रिकव्हरी सॉफ्टवेअर कामाचं. वाचवलेल्या फायली मात्र दुसऱ्या डिस्कवर घ्यायच्या. टक् टक् ऐकू आलं की सॉफ्टवेअरचं नाव काढायचं नाही. केबल काढायची, फोन उचलायचा. नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे ती असल्या पडण्याला सहसा दाद देत नाही. पण मरते तेव्हा टक् सुद्धा न करता मरते, हेही ऐकून ठेवा.

डिस्क घेतली होती साडेचार हजारांना, लॅबचं एस्टिमेट आलं १८,००० रुपयांचं. डेटा मिळाला तरच पैसे. गोव्याची ट्रिप त्याच क्षणी कॅन्सल!

वाट पाहायच्या त्या बारा दिवसांत मला धीर दिला तो कोलंबिया यानाने. १ फेब्रुवारी २००३ ला ते पृथ्वीवर परतताना आकाशातच फुटलं, कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. ढिगाऱ्यात एक भाजलेली हार्ड डिस्क सापडली. अमेरिकेतल्या एका रिकव्हरी कंपनीने तिच्यातला जवळपास सगळा डेटा बाहेर काढला आणि २००८ मध्ये त्यावरून झेनॉन वायूच्या प्रयोगाचा शोधनिबंधही छापून आला. अंतराळातून पडलेली वाचते, मग टेबलावरून पडलेली का नाही?

तेराव्या दिवशी कुरिअर आलं. नव्या डिस्कवर बहुतेक मुलाखती होत्या. आजीची फाइलही होती. दार लावून घेतलं, हेडफोन घातले. सुरुवातीला कुकरची शिट्टी, मग तिचा आवाज. मधे मधे तुटतो. ओरखडे पडले तिथलं वाचता आलं नाही, म्हणून त्या जागी नुसती शांतता. पाणी वाड्याच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आल्याचं ती सांगते आणि सलग चार मिनिटं काहीच नाही. माझे ते सहा प्रयत्न बहुतेक तिथेच आहेत. मग एकदम आवाज येतो, "बंद कर गं ते आता. चहा टाक."