औद्योगिक सुरक्षेचा स्वतंत्र व्यवसाय

खडी फोडणाऱ्या यंत्राभोवती जी धूळ उडते, तिच्यातील सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. सुमारे ५ मायक्रॉनहून लहान असे सिलिकाचे कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांपासून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. असे धोके वेळीच ओळखणे हे औद्योगिक सुरक्षा-सल्लागाराचे कार्य होय.

१९७६ च्या दुरुस्तीने भारताच्या कारखाने अधिनियमात एक हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी सुरक्षा अधिकाऱ्याची तरतूद झाली. लहान कारखान्यांस पूर्णवेळ अधिकारी परवडत नाही. तेथे कराराने काम करणारा सल्लागार उपयोगी पडतो.

या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्याने प्रथम विज्ञान वा अभियांत्रिकीचे शिक्षण आणि कारखान्यातील प्रत्यक्ष अनुभव मिळवावा. नंतर मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेसारख्या ठिकाणी औद्योगिक सुरक्षेची पदविका घ्यावी.

सल्लागार आधी हवेतील धूळ मोजतो. मग पाण्याचे फवारे, यंत्रास आच्छादन, धूळ ओढून घेणारे पंखे असे उपाय सुचवितो. मुखवटा हा शेवटचा उपाय होय. सल्लागाराचा मोबदला मालक देतो. परंतु अहवालात सोयीचा आकडा लिहिला गेल्यास त्याची किंमत कामगाराला आपल्या श्वासाने मोजावी लागते. म्हणून सचोटी हेच या व्यवसायाचे पहिले भांडवल होय.