'स्वामी अँड फ्रेंड्स'मधील वडील : स्वभावविशेष

आर. के. नारायण यांनी 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी बंगळुरूमध्ये आजीकडे असताना लिहायला घेतली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. तुम्ही 'मालगुडी डेज' ही मालिका पाहिली असेल, तर गिरीश कर्नाड यांनी साकारलेले स्वामीचे वडील तुम्हाला आठवत असतील. व्यवसायाने वकील असलेल्या या वडिलांचा घरात धाक आहे. म्हणून अनेक विद्यार्थी 'कडक वडील' एवढेच लिहून थांबतात. पुढील तीन प्रसंग पाहा.

१. न्यायबुद्धी : धर्मशिक्षणाच्या तासाला एबेनेझर मास्तर हिंदू देवतांची टिंगल करतात आणि उलट प्रश्न विचारणाऱ्या स्वामीचा कान पिळतात. वडील मुलाची तक्रार उडवून लावत नाहीत. ते मुख्याध्यापकांना पत्र लिहून जाब विचारतात. लहान मुलालाही स्वाभिमान असतो, हे ते जाणतात.

२. हळवेपणा : सुट्टीत ते स्वामीला आंब्यांच्या किमतीचे गणित घालतात. आंबे पिकलेले होते का, हाच स्वामीला पडलेला प्रश्न! अखेर उत्तर निघते, पण रडारड होऊन. संध्याकाळी खांबाआड रुसून बसलेला मुलगा दिसताच वडिलांना वाईट वाटते आणि ते त्याला आपल्याबरोबर क्लबात नेतात.

३. माया : स्वामी घर सोडून जातो, तेव्हा वडील रात्री नदीकाठी आणि रेल्वेरुळांवर त्याला शोधत फिरतात. एरवी कधी न दिसणारी त्यांची भीती इथे उघडी पडते.

मर्यादा : दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापक छडी उगारतात, तेव्हा स्वामी ती हिसकावून फेकतो आणि पळ काढतो. वडिलांसमोर जायची त्याला छाती होत नाही. एकदा आपली बाजू घेणारे वडील पुन्हाही घेतील, असा विश्वास त्याला वाटत नाही. वडिलांजवळ न्याय आहे, मायाही आहे. पण धाकामुळे ती मुलापर्यंत पुरती पोहोचत नाही.

म्हणून उत्तर लिहिताना 'आदर्श पिता' असे विशेषण लावून मोकळे होऊ नका. प्रत्येक गुणाला प्रसंगाचा आधार द्या आणि त्याची मर्यादाही सांगा.

विचार करा : पत्र लिहिणाऱ्या वडिलांना स्वामीने दुसऱ्या वेळीही सारे सांगितले असते, तर पुढे काय घडले असते?