रुग्णालयाच्या हिरवळीवर जन्मलेली स्पर्धा

२९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या ऑलिम्पिकचे उद्‌घाटन झाले. त्याच दिवशी लंडनबाहेर, आयल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयाच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि दोन स्त्रिया चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळत होत्या. युद्धात जायबंदी झालेल्या या सोळा जणांचे दोन संघ होते. एक याच रुग्णालयाचा आणि दुसरा रिचमंड येथील अपंग सैनिकांच्या निवासाचा. आजच्या पॅरालिम्पिकची सुरुवात ती हीच. ही स्पर्धा भरवली होती एका मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरने, आणि त्याच्या लेखी ती उपचाराचाच भाग होती.

पाच आठवड्यांत मृत्यू

डॉ. लुडविग गुटमन यांचा जन्म १८९९ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतील आणि आजच्या पोलंडमधील एका गावात झाला. १९१७ मध्ये अपघातग्रस्त कामगारांच्या रुग्णालयात ते मदतनीस म्हणून काम करत होते. तिथे कोळशाच्या खाणीत पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट तरुण कामगार दाखल झाला. त्याच्याबद्दल फार काही लिहून ठेवू नका, तो काही आठवड्यांचाच सोबती आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. पाच आठवड्यांत तो गेलाही.

तेव्हा ही नेहमीची गोष्ट होती. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण थोड्याच काळात दगावले. मात्र मोडलेल्या कण्यामुळे माणूस थेट मरत नव्हता. मृत्यू येत होता तो दोन वाटांनी.

पहिली वाट म्हणजे अंथरुणातील जखमा. आपण झोपेत कितीतरी वेळा कूस बदलतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, मज्जातंतू त्याची वर्दी मेंदूला देतात आणि आपण नकळत वळतो. मज्जारज्जू तुटला की ही वर्दी पोहोचतच नाही. कातडी काळी पडते, जखम हाडापर्यंत जाते, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. दुसरी वाट मूत्राशयाची. मूत्राशय भरल्याचे कळत नाही आणि ते पूर्ण रिकामेही होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, दाब मागे मूत्रपिंडापर्यंत जातो आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

दर दोन तासांनी कूस

गुटमन ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना सरकारी रुग्णालयातील नोकरी गमवावी लागली, आणि १९३९ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला आले. युद्धाच्या ऐन धामधुमीत, १ फेब्रुवारी १९४४ रोजी, ब्रिटिश सरकारने स्टोक मँडव्हिल येथे मज्जारज्जूच्या जखमींसाठी सुरू केलेला विभाग त्यांच्या हाती सोपवला. ज्या रुग्णांची कोणाला आशाच नव्हती, ते आता त्यांचे रुग्ण झाले.

त्यांचे उपाय दिसायला साधे होते. रुग्णांना प्लास्टरच्या साच्यात जखडून ठेवणे त्यांनी बंद केले. दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, असा नियम केला आणि तो पाळला जातो का हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात जात. लघवीची नळी कायम ठेवण्याऐवजी ठरावीक वेळाने, निर्जंतुक पद्धतीने घालून मूत्राशय रिकामे करण्यावर त्यांनी भर दिला. मृत्यू कमी झाले आणि वर्षानुवर्षे पाठीवर पडून राहतील असे वाटणारे तरुण उठून बसू लागले.

मग नवा प्रश्न उभा राहिला. जिवंत राहिलेल्या बावीस-पंचवीस वर्षांच्या या मुलांनी पुढे करायचे काय? गुटमन यांना ते कामावर परत गेलेले हवे होते. रुग्णालयात सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन असे शिक्षण सुरू झाले आणि त्याच्या जोडीला खेळ आले. काही रुग्ण खुर्चीत बसून, हातातल्या काठ्या उलट्या धरून चकती टोलवत होते. हा व्हीलचेअर पोलो फारच धसमुसळा निघाला, म्हणून त्याची जागा पुढे बास्केटबॉलने घेतली.

धनुष्यच का?

पहिल्या स्पर्धेसाठी धनुर्विद्या निवडण्यामागे शरीरशास्त्र होते. आपल्या पाठीवर काखेपासून कमरेपर्यंत पसरलेला एक रुंद स्नायू आहे. त्याचे एक टोक दंडाच्या हाडाला आणि दुसरे कमरेच्या बाजूला असते, पण त्याला चालवणारे मज्जातंतू मानेतून येतात. त्यामुळे छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर इजा झाली तरी हा स्नायू शाबूत राहतो आणि लुळ्या भागाला चालत्या भागाशी जोडणाऱ्या पुलासारखा उपयोगी पडतो. तो बळकट झाला की माणूस आधाराशिवाय तोल सावरून बसू शकतो. धनुष्य ओढताना नेमका हाच स्नायू कामाला लागतो.

दुसरे कारण मनाचे होते. धनुर्विद्येत खुर्चीतला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने खेळू शकतो. न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल यांनी १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये व्हीलचेअरवरून धनुर्विद्येत भाग घेऊन हे जगाला दाखवले.

स्पर्धा असेल तर सराव होतो, सरावाने श्वास, हृदय आणि खांदे सुधारतात, आणि पुढच्या वर्षीची तारीख डोळ्यांसमोर असली की माणूस कातडीची आणि मूत्राशयाचीही काळजी घेतो. गुटमन यांचा हिशेब असा रोखठोक होता.

रोम ते पॅरिस

१९५२ मध्ये नेदरलँड्सचे माजी सैनिक स्टोक मँडव्हिलला खेळायला आले आणि ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये ऑलिम्पिकपाठोपाठ रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. आज ते पहिले पॅरालिम्पिक मानले जाते. १९७६ मध्ये टोरँटोला अंध आणि हातपाय गमावलेले खेळाडूही सामील झाले. १९८० चे ऑलिम्पिक मॉस्कोत होते, पण ही स्पर्धा तिथे न होता नेदरलँड्समधील आर्नहेमला झाली. गुटमन यांचे त्याच वर्षी मार्चमध्ये निधन झाले. ऑलिम्पिकची मैदाने अपंग खेळाडूंना मिळू लागली ती १९८८ च्या सोलपासून. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत २२ खेळांत ४ हजारांहून अधिक खेळाडू होते.

या इतिहासात महाराष्ट्राचे एक ठळक नाव आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते आणि बॉक्सिंग खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. उपचारांचा भाग म्हणून त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार करून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये भारताला वैयक्तिक सुवर्ण मिळायला त्यानंतर ३६ वर्षे जावी लागली. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती मात्र २०१८ मध्ये. पॅरिसमध्ये भारताने सात सुवर्णांसह २९ पदके जिंकली. त्यात सांगली जिल्ह्याच्याच सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्यही होते.

बरोबरी कशी ठरवायची?

उपचाराची स्पर्धा झाली, तशी नवी वैद्यकीय कोडीही आली. कोणी कोणाशी खेळायचे? सुरुवातीला मज्जारज्जूला इजा कुठल्या पातळीवर आहे, यावरून गट पडत. आता तो विशिष्ट खेळ खेळताना व्यंगाचा किती अडथळा होतो, हे तपासून गट ठरतो. यात लबाडीही झाली. २००० च्या सिडनी स्पर्धेत बौद्धिक अक्षमतेच्या गटात बास्केटबॉलचे सुवर्ण जिंकणाऱ्या स्पेनच्या संघातील बहुतेक खेळाडूंना तशी अक्षमताच नव्हती. पदक परत घेतले गेले, पण शिक्षा खऱ्या खेळाडूंनाही झाली. तो गट २०१२ च्या लंडन स्पर्धेपर्यंत बाहेर राहिला.

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल, तर भरलेले मूत्राशय किंवा पायाची दुखापत यामुळे रक्तदाब अचानक खूप वाढू शकतो. रुग्णाला वेदना जाणवत नाही, शरीर मात्र प्रतिक्रिया देते. काही खेळाडू जास्त ताकद मिळावी म्हणून हे मुद्दाम घडवून आणत. यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून त्यावर बंदी आहे. आरोग्यासाठी सुरू झालेली स्पर्धा पदकाच्या ओढीने आरोग्यावरच कशी उलटू शकते, याचे हे उदाहरण.

घरातल्या रुग्णासाठी

झाडावरून, बांधकामावरून पडून किंवा रस्त्यावरील अपघातात कणा मोडलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. रुग्णालयातून घरी आल्यावर अनेकांचे जग एका खाटेपुरते उरते. त्यांच्यासाठी स्टोक मँडव्हिलचे धडे आजही तसेच लागू आहेत. खाटेवर असताना दर दोन तासांनी कूस बदलावी. खुर्चीत असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावे. माकडहाड, नितंब आणि टाचा रोज पाहाव्यात. दाबल्यावरही न जाणारा लालसर डाग ही जखमेची पहिली खूण असते, तेव्हा त्या भागावरचा भार लगेच काढावा. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही, म्हणून तो भाग गरम, कडक किंवा जास्त काळपट लागतो का, हेही तपासावे. ठरावीक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत रुग्णाने किंवा घरच्यांनी डॉक्टरांकडून नीट शिकून घ्यावी. अचानक डोके ठणकू लागले, घाम फुटला, चेहरा लाल झाला तर रुग्णाला बसते करावे, मूत्राशय भरले आहे का ते पाहावे आणि तातडीने डॉक्टरांना गाठावे.

आणि व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अपंग प्रौढांनाही इतरांप्रमाणेच आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. जमेल तेवढ्यापासून सुरुवात करून तो वाढवत न्यायचा. खुर्ची ढकलणे, रबरी पट्टा ओढणे, बसून चेंडू फेकणे, देखरेखीखाली पोहणे, यातले काहीही चालेल. त्यासाठी गावातल्या व्यायामशाळेला उतरंड असलेला एक रस्ता, रुंद दार आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह लागते. ते मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. पदक दर चार वर्षांनी एखाद्यालाच मिळते. गुटमन यांनी खेळ सुरू केले ते वॉर्डातल्या प्रत्येकासाठी.